दक्षिणेच्या खिडकीतली पेटी: पाडव्याला फुललेली हवी, मे महिन्यात जळायला नको

चैत्रपालवी
पुणे, तिसरा मजला, दक्षिणेची खिडकी. बाहेर बॉक्स ग्रिल आहे, ४५ सेंमी पुढे आलेलं. वर ६० सेंमीचा छज्जा, छज्ज्यापासून ग्रिलच्या तळापर्यंत साधारण १३० सेंमी. प्लास्टिकची लांबट कुंडी घेतली आहे: ६० सेंमी लांब, २० रुंद, १८ खोल. आत्ता जानेवारीअखेर तिथे दिवसभर छान ऊन असतं. यंदा पाडवा १९ मार्चला आहे, गुढीही याच खिडकीत उभारतो. तोपर्यंत पेटी भरलेली दिसायला हवी आणि पुढे उन्हाळ्यातही टिकायला हवी. नर्सरीत सगळीकडे पिटुनिया दिसतोय. तोच लावावा का? माती कशी भरावी? खालच्या मजल्यावर पाणी गळता कामा नये. आणि सजावटीचंही सुचवा.

उन्हाचा_माग
झाडं ठरवण्याआधी तुमच्या खिडकीतल्या उन्हाचं गणित बघा. आत्ताचं ऊन पाहून निवड केली तर मार्चमध्ये ती चुकीची ठरेल.

पुण्यात सध्या दुपारचा सूर्य क्षितिजापासून साधारण ५३ अंशांवर असतो. ६० सेंमी छज्ज्याची सावली भिंतीवर जेमतेम ८० सेंमी खाली येते, म्हणून कुंडीला ऊन मिळतंय. मार्चच्या पहिल्या आठवड्यात हीच सावली १३० सेंमीपर्यंत उतरते आणि पाडव्याच्या सुमारास पावणेदोन मीटरपर्यंत. विषुवदिनाच्या (दिवस-रात्र समान असतात त्या दिवसाच्या) आसपास छज्ज्याची ही सावली सकाळ-संध्याकाळीही जवळजवळ तेवढीच राहते, त्यामुळे भिंतीलगत ठेवलेली कुंडी दिवसभर सावलीत जाते. मेच्या मध्यावर, शून्य सावलीच्या दिवशी, सूर्य थेट डोक्यावर येतो. त्यानंतर जवळजवळ अडीच महिने तो दुपारीसुद्धा उत्तरेकडून जातो.

म्हणून कुंडी ग्रिलच्या बाहेरच्या कडेला सरकवा. तिथे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ऊन मिळेल, पुढे नुसता भरपूर उजेड. थोडक्यात, तुम्हाला दोन्ही परिस्थितीत जगणारी झाडं हवीत:

– मागची ओळ: अबोली, सदाफुली, अबोली. कडेपासून १०, ३० आणि ५० सेंमीवर. अबोली अर्धसावलीत फुलते, तिच्यासाठी ही खिडकी उत्तमच. सदाफुली सावलीत फुलं कमी देईल, पण मरणार नाही.
– पुढची ओळ: मधल्या जागांत २ पिटुनिया आणि दोन्ही टोकांना २ पोर्चुलाका (ऑफिस टाइम). ही चारही पाहुणी मंडळी आहेत. एप्रिलमध्ये ती काढून तिथे कोलिअस आणि लोंबणारा ट्रेडेस्कॅन्शिया लावा.

सदाफुली बियांपासून फुलायला सुमारे तीन महिने लागतात, तेव्हा ती आणि अबोली कळ्या धरलेली रोपंच आणा. पोर्चुलाकाच्या मात्र ५ ते ७ सेंमीच्या फांद्या आज खोचल्या तरी पाडव्याला फुलतील.

झिनिया, कॉसमॉस या खिडकीत नकोत. पश्चिमेची खिडकी असती तर तेच पहिले सुचवले असते.

कुंडी_आणि_कोकोपीट
वरच्या ओळी अगदी बरोबर. आता भरण्याबद्दल.

वरून अडीच सेंमी जागा सोडली तर तुमच्या कुंडीत साधारण १८ लिटर मिश्रण मावतं. एवढी ओली बागेची माती भरली तर वजन ३० किलोच्या घरात जातं. हलकं मिश्रण भिजूनही १६ किलोच्या आसपास राहतं. कुंडी ग्रिलच्या बाहेरच्या कडेला ठेवायची असल्याने हा फरक महत्त्वाचा आहे. आधी ग्रिलचे भिंतीतले बोल्ट आणि वेल्डिंगचे सांधे तपासा. गंज पापुद्र्यासारखा सुटत असेल तर तिथे कुंडी ठेवूच नका.

मिश्रण: धुतलेलं कोकोपीट ९ लिटर, गांडूळखत ५ लिटर, पर्लाइट (पांढरे, हलके खनिज दाणे) किंवा भाताचं तूस ४ लिटर, निंबोळी पेंड १०० ग्रॅम. ६५० ग्रॅमची कोकोपीटची वीट चार लिटर पाण्यात भिजवली की ८-९ लिटर होते. ती दोनदा पाण्यात कालवून पिळा. त्यात क्षार असतात आणि न धुता वापरली तर पंधरवड्यात पानांच्या कडा करपतात. निंबोळी पेंड वगळू नका. अबोलीच्या मुळांवर सूत्रकृमी (मातीतले सूक्ष्म जंत) लवकर येतात, मुळं गाठी धरतात आणि झाड उगाचच मलूल दिसत राहतं.

तळाला ८ मिमीची ६ भोकं हवीत. त्यावर नायलॉनच्या जाळीचा तुकडा, बस. खडी किंवा विटांचे तुकडे घालू नका. त्याने निचरा सुधारत नाही. खडीच्या वर मिश्रणात पाणी अडून राहतं आणि तो ओला थर मुळांच्या आणखी जवळ येतो. १८ सेंमी खोलीत तेवढी जागा वाया घालवणं परवडत नाही.

रोपं संध्याकाळी लावा. पिशवीतल्या मातीचा गोळा मिश्रणाच्या पातळीला बसवा, खोड खोल गाडू नका. सदाफुलीचं खोड बुडालं की बुंधा कुजतो. पहिले चार-पाच दिवस कुंडी खोलीत उजेडात ठेवा, मग बाहेर. शेवटी कुंडी दोन ठिकाणी जाड जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) तारेने ग्रिलला बांधा.

चैत्रपालवी
खूप उपयोगी! दोन शंका. नुसतं कोकोपीट उन्हाळ्यात फार लवकर सुकतं असं ऐकलंय. आणि पिटुनिया आत्ताच पूर्ण फुललेला मिळतोय, तो पाडव्यापर्यंत टिकेल?

शेवंती_ताई
कोकोपीटबद्दलची शंका रास्त आहे. एकदा पूर्ण वाळलं की ते पाणी घेत नाही. पाणी कडेने उतरून थेट ताटलीत येतं आणि आपल्याला वाटतं कुंडी भिजली. म्हणून मी ९ लिटरांऐवजी ७ लिटर कोकोपीट आणि २ लिटर चाळलेली पोयटा माती घेईन. वजन फार तर दोन किलोंनी वाढेल, पण ओल धरून राहील.

पाणी मार्चमध्ये रोज सव्वा ते दीड लिटर, पण एकदम नाही. सकाळी ७००-८०० मिली, उरलेलं संध्याकाळी, आणि तेही बोट दोन सेंमी खुपसून कोरडं लागलं तरच. असं विभागून दिलं की ताटलीत फारसं उतरत नाही. खाली ३ सेंमी काठाची ताटली ठेवा, म्हणजे खालच्यांकडे थेंब जाणार नाही. अर्ध्या तासाने ताटली रिकामी करा. साचलेल्या पाण्यात डेंगीचे डास होतात, आणि सदाफुली सतत ओल्यात राहिली की बुरशीने एका रात्रीत मान टाकते. अशा वेळी मलूल दिसली म्हणून अजून पाणी घालणं हीच तिची अखेर.

पिटुनियाची फुलं बघून रोप घेऊ नका, बुंध्यापासून फुटवे किती ते बघा. २० ते २५ फेब्रुवारीच्या दरम्यान सगळ्या फांद्या निम्म्या छाटा. जीव कासावीस होतो, पण छाटाच. नंतर १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेलं) लिटरला १ ग्रॅम, दहा दिवसांच्या अंतराने दोनदा. तीन आठवड्यांत नवी फुलं येतात, म्हणजे बरोबर पाडव्याला. पारा ३५च्या वर राहू लागला की तो थांबतो, तेव्हा काढून टाका.

मार्चमध्ये पानं राखट-ठिपकेदार दिसली तर लाल कोळी (पानांतला रस शोषणारी बारीक कीड) समजा. पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा दोन-तीन दिवसाआड मारा. त्याने भागलं नाही तर कडुनिंबाचं तेल ५ मिली, द्रव साबण १ मिली, एक लिटर कोमट पाण्यात. फवारणी संध्याकाळीच, भर उन्हात पानं भाजतात.

तोरण_आणि_तुळस
सजावटीचं सांगते. रंगकाम रोपं लावायच्या आधी उरका, नंतर रंग मुळांशी उतरतो. प्लास्टिकवर रंग धरत नाही, म्हणून २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा, पुसून प्लास्टिकसाठीचा प्रायमर द्या आणि मग बाहेरच्या भिंतींसाठीच्या अॅक्रिलिकचे दोन हात, मध्ये चार तास सोडून. गेरूच्या रंगावर पांढऱ्याने वारलीची एक पट्टी पुरे. खरा गेरू पाण्यात कालवून लावला तर पहिल्याच पाण्याला ओघळ येतात.

फुलांचे रंग अबोलीवरून ठरवा. केशरी अबोलीशेजारी पांढरी सदाफुली, पुढे पांढरा किंवा जांभळा पिटुनिया. गडद गुलाबी घातला की अबोली फिकी दिसते.

आता गुढी. काठी कुंडीत खोचू नका. मुळं तुटतात आणि वरच्या कलशाच्या वजनाने कुंडी कलते. काठी कुंडीच्या एका टोकाशी, ग्रिलला वर-खाली दोन ठिकाणी सुतळीने बांधा, बूड पाटावर टेकवा. वस्त्र झाडांवर न येता मोकळं पडेल एवढी उंची ठेवा. हळद-कुंकू कुंडीला बाहेरून लावा, मातीत नको. गुढी सूर्यास्ताआधी उतरवताना साखरेची गाठी लगेच घरात घ्या. ती रात्रभर राहिली की मुंग्या येतात, आणि मुंग्यांच्या मागोमाग पिठ्या ढेकूण (झाडाचा रस शोषणारी पांढरी, पिठूळ कीड). पिठ्या ढेकणाच्या चिकट द्रवासाठी मुंग्या त्याची राखण करतात, एका झाडावरून दुसऱ्यावर नेतातही. गुढीचा कडुनिंबाचा डहाळा मात्र टाकू नका. पाला वाळवून कुंडीत मातीवर बोटभर पसरा, एप्रिलमध्ये ओल टिकते.

दिव्यांची माळ लावणार असाल तर ५ व्होल्टची यूएसबीवाली घ्या, अडॅप्टर खोलीच्या आत. वायर पानांतून न नेता ग्रिलवरून न्या, नाहीतर पाणी घालताना दरवेळी तीच आड येते.