‘नोंद घेतली’ की ‘दखल घेतली’?

प्रश्न

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेवरचा एक माहितीपर लेख मराठीत आणते आहे. दर सप्टेंबरात न्यूयॉर्कला १९३ देशांचे प्रमुख किंवा त्यांचे मंत्री जमतात, युद्ध, हवामान, कर्ज, साथीचे रोग अशा एकट्या देशाला न झेपणाऱ्या प्रश्नांवर बोलतात, पुढे अधिवेशनभर ठराव होत राहतात, हा सगळा व्यवहार समजावून सांगणारा. ठरावांच्या भाषेत ‘टेक्स नोट ऑफ’ हा प्रयोग सारखा येतो. मी ‘नोंद घेतली’ लिहिलं होतं. मजकूर तपासणाऱ्यांनी सगळीकडे खोडून ‘दखल घेतली’ केलं. त्यांचं म्हणणं, नोंद कारकून घेतात, जगाचे पुढारी दखल घेतात. मला पटत नाहीये, पण का पटत नाही ते धड सांगता येत नाही.

जाता जाता, ‘मल्टिलॅटरल’ला ‘बहुपक्षीय’च ना? वाचताना डोळ्यांपुढे आघाडी सरकार येतं.

प्रतिसाद १

बहुपक्षीयच. ‘पक्ष’ म्हणजे आधी बाजू, मग राजकीय पक्ष. वर आणि वधू या पक्षांना कुठे निवडणूक चिन्ह असतं? ‘द्विपक्षीय करार’ आपण बिनदिक्कत म्हणतो, मग बहुपक्षीयानेच काय घोडं मारलंय. ‘बहुराष्ट्रीय’ मात्र नको, तो शब्द कंपन्यांनी कधीच पळवला. मुख्य प्रश्नावर जाणकार बोलतील.

प्रतिसाद २

ताई, तुमचंच बरोबर आहे, आणि याबाबतीत चक्क आमसभेचाच निकाल उपलब्ध आहे. ‘टेक्स नोट ऑफ’ आणि ‘नोट्स’ हे दोन्ही प्रयोग तटस्थ आहेत, त्यातून संमतीही निघत नाही आणि नापसंतीही निघत नाही, असं आमसभेने ७ सप्टेंबर २००१ रोजी रीतसर निर्णय करून सांगितलं. त्याचा क्रमांक ५५/४८८. एका क्रियापदाचा अर्थ ठरवायला सगळ्या देशांनी बसावं, यातच त्या क्रियापदावर किती भांडणं झाली असतील ते आलं.

आता मराठी बघा. ‘दखल’ मुळात अरबी, आत शिरणे या अर्थाच्या धातूतून आलेला. दाखल, दाखला ही त्याचीच भावंडं. हिंदीत ‘दखल देना’ म्हणजे सरळ लुडबुड. मराठीत तेवढा आगाऊपणा उरला नाही, पण आत शिरण्याची छटा गेलेली नाही. दखलपात्र गुन्हा कोणता? ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात तो. ‘मुख्यमंत्र्यांनी तक्रारीची दखल घेतली’ हे वाक्य वाचलं की आता काहीतरी हालचाल होणार असं वाचणारा धरून चालतो. ‘टेक्स नोट’मध्ये हालचालीचं वचन नाही. कागद आला, बघितला, ठेवला, इतकंच.

हे मी ठेच लागून शिकलो. २००९ च्या डिसेंबरात कोपनहेगनला हवामान परिषद झाली तेव्हा मी एका दैनिकासाठी बातम्या मराठीत आणायचो. शेवटच्या रात्री अमेरिका, चीन, भारत, ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका यांनी बसून एक मसुदा जुळवला. तो सगळ्या देशांच्या बैठकीत आला तेव्हा व्हेनेझुएला, बोलिव्हिया, सुदान, तुवालू असे काही देश अडून बसले. स्वीकारायचा तर सगळ्यांची मान हलायला हवी, आणि फेटाळायचा तर शंभरावर राष्ट्रप्रमुख येऊन रिकाम्या हाताने परतले असं झालं असतं. मग तोड निघाली : परिषद या मसुद्याची ‘नोट’ घेते. म्हणजे तो स्वीकारला नाही, हीच तर बातमी. मी लिहिलं, ‘परिषदेने कराराची दखल घेतली’. दुसऱ्या दिवशी छापील मजकूर वाचताना वाटत होतं, जगाने करार डोक्यावर घेतला. एका शब्दाने बातमीचं तोंडच फिरलं, आणि चूक माझ्याशिवाय कोणाच्या लक्षातही आली नाही.

प्रतिसाद ३

थोडा विरोध नोंदवतो (!). ‘नोंद’ तरी कुठे इतकी साधी आहे? ‘सर्व कर्मचाऱ्यांनी याची नोंद घ्यावी’ असं परिपत्रक आलं की कर्मचारी नोंद घेत नाहीत, धसका घेतात. तिथे नोंद म्हणजे ‘नंतर सांगितलं नाही म्हणू नका’.

प्रतिसाद २

मान्य. पण तो दरारा ‘घ्यावी’चा, नोंदीचा नाही. ‘घेतली’ म्हटलं की तो ओसरतो. तरी शंका वाटलीच तर ‘नुसती नोंद घेतली’ लिहा. तो ‘नुसती’ मूळ ठरावात नसतो, म्हणून ठरावाच्या अनुवादात घालू नये. समजावणाऱ्या लेखात घालायला हरकत नाही.

प्रश्नकर्ती

हे फार कामाचं. मग बाकीच्या क्रियापदांचीही उतरंड लावून टाकू या का? मी अशी लावली आहे : नोंद घेते, स्वागत करते, आव्हान करते, आग्रह धरते, मागणी करते, निर्णय घेते. आणि नाराजीची वेगळी : चिंता, तीव्र चिंता, खेद, निषेध.

प्रतिसाद ४

थांबा! आवाहन करते, आव्हान नव्हे. आवाहन म्हणजे बोलावणं, विनंती, पूजेत देवाला करतात ते. आव्हान म्हणजे ‘ये, दोन हात कर’. गंमत म्हणजे दुसऱ्याचं संस्कृत मूळ ‘आह्वान’, आणि त्याचाही पहिला अर्थ हाक मारणे हाच. पुढे ती हाक कुस्तीच्या आखाड्यातून यायला लागली आणि मराठीत ह-व ची अदलाबदल होऊन आव्हान झालं. ‘आमसभेने सदस्य देशांना शस्त्रसंधीचे आव्हान केले’ असं मी खरंच छापलेलं वाचलंय. हवामानबदल हे आव्हान, आणि त्याबाबत देशांना करायचं ते आवाहन. तुमच्या विषयात दोन्ही शब्द एकाच परिच्छेदात येणार, तेव्हा जपून.

उतरंड छान आहे. ‘निषेध’ अगदी शेवटी ठेवा, आधी खर्च करू नका. ‘डिप्लोर्स’, म्हणजे तीव्र खेद, दिसलं की आपल्याकडे लगेच निषेध छापतात, मग ‘कंडेम्स’, म्हणजे खरा निषेध, आलं की धिक्काराखेरीज हातात काही उरत नाही, आणि धिक्कार म्हटलं की मोर्चा वाटतो.

प्रतिसाद ५

क्रियापदांचंच चाललंय तर वाक्यरचनेचंही बघा. राष्ट्रसंघाचा ठराव, कितीही पानांचा असो, व्याकरणाने एकच वाक्य असतं. सुरुवातीला कर्ता ‘आमसभा’, मग स्वल्पविराम आणि अर्धविरामांची रांग, पूर्णविराम एकदम शेवटी. प्रस्तावनेतली क्रियापदं अपुरी, कलमांतली पुरी. इंग्रजीत हे ताणलेलं वाटतं, आपल्याकडे मात्र ‘ऊन’ने संपणारी धातुसाधितं जणू याच कामासाठी घडवलेली : ‘आमसभा, आपला पूर्वीचा ठराव स्मरून, परिस्थिती लक्षात घेऊन, जीवितहानीबद्दल तीव्र चिंता व्यक्त करून, १. सर्व पक्षांना आवाहन करते की…’ पोथीसारखं वाचता येतं. ते तोडून बारा वाक्यं करणारे अनुवादक मला समजत नाहीत.

आणि ‘शॅल’ (बंधन) नि ‘शुड’ (अपेक्षा) यांचा घोळ घालू नका. पॅरिसच्या हवामान करारात, १२ डिसेंबर २०१५ ला, मंजुरीच्या अगदी तोंडावर चौथ्या कलमात विकसित देशांबाबत ‘शॅल’ पडलेलं आढळलं. अमेरिकेला ते चालणार नव्हतं. बंधन आलं की करार सिनेटपुढे न्यावा लागला असता, आणि तिथे तो तरला नसता. शेवटी दुरुस्त्यांच्या यादीत, स्वल्पविरामांच्या ओळीत बसवून, ते ‘शुड’ करण्यात आलं. मराठीत ‘शॅल’ला ‘करतील’ म्हणतात, पण ते नुसतं भविष्य वाटतं, ज्योतिषाने सांगितल्यासारखं. माझ्या मते ‘शॅल’ला ‘करणे बंधनकारक राहील’ आणि ‘शुड’ला ‘करावे’. ‘केले पाहिजे’ मधलंच आहे, ते टाळा.

प्रतिसाद ३

‘करावे’ आपल्या कायद्यांत मात्र हुकूम म्हणून येतं. ‘अर्जदाराने शुल्क भरावे’ ही काय सूचना आहे?

प्रतिसाद ५

बरोबर. म्हणूनच लेखात एकदा खुलासा हवा. दुसरा इलाज दिसत नाही.

प्रतिसाद ६

मराठीला एका जागी उलट फायदा आहे. सुरक्षा परिषदेचा १९६७ चा २४२ क्रमांकाचा ठराव घ्या. इस्रायलने माघार घ्यायची ती इंग्रजी मजकुरात ‘व्यापलेल्या प्रदेशांतून’, मागे ‘द’ नाही. फ्रेंच मजकुरात मात्र ‘दे’ आहे, ज्यातून ठरावीक, म्हणजे सगळे, प्रदेश असा अर्थ लावता येतो. सगळे की काही, यावर आजतागायत वाद चालू आहे. मराठीत आर्टिकलच नाही, त्यामुळे ‘व्यापलेल्या प्रदेशांतून’ लिहिलं की मुळातली संदिग्धता जशीच्या तशी उतरते. अनुवादकाने मदत म्हणून ‘सर्व’ घातलं की तो एका बाजूला जाऊन बसला. असल्या कागदांत संदिग्धता ही ढिलाई नसते, महिनोन्महिने घासाघीस करून मिळवलेली असते. ती पुसायची नाही.

‘कन्सेन्सस’साठी कोणी ‘एकमत’ सुचवेल, त्याआधी सांगून ठेवतो : नको. एकमताने म्हणजे सगळ्यांनी बाजूने मत दिलं. कन्सेन्ससमध्ये मतदानच होत नाही, कोणी आडवं येत नाही एवढंच. आपल्याकडे त्याला तयार शब्द आहे, बिनविरोध. आणि ‘सायलेन्स प्रोसीजर’ म्हणून एक प्रकार असतो, मसुदा फिरवायचा, अमुक तारखेच्या अमुक वाजेपर्यंत कोणी हरकत घेतली नाही तर मंजूर. त्याला परिभाषा शोधत बसू नका, ‘मौनं संमतिलक्षणम्’ पुरे.

प्रश्नकर्ती

बिनविरोध! हे सुचायला हवं होतं. अजून एक अडकलंय. सप्टेंबरातल्या भाषणांना ‘जनरल डिबेट’ म्हणतात. ‘सर्वसाधारण वादविवाद’ लिहिलंय, पण तिथे वाद घालतं कोण? प्रघाताप्रमाणे ब्राझील पहिला, मग यजमान म्हणून अमेरिका, मग एकेक जण येऊन बोलून जातो.

प्रतिसाद ४

‘सर्वसाधारण चर्चा’ रूढ आहे, ठेवा, पण चर्चाही नव्हेच ती. पंधरा मिनिटांत बोलून संपवावं अशी अपेक्षा, आणि ती पाळायची सक्ती नाही. क्यूबाचे फिडेल कास्त्रो १९६० मध्ये साडेचार तासांच्या आसपास बोलले होते. खरी खणाखणी बघायची तर दिवसाच्या शेवटी ‘उत्तराचा हक्क’ असतो तेव्हा. पहिल्या खेपेला दहा मिनिटं, दुसऱ्या खेपेला पाच, तिसरी खेप नाही. तिथे प्रमुख नसतात, बहुधा कनिष्ठ अधिकारी बोलायला उठतात, आणि वादविवाद म्हणावा असा प्रकार तेवढाच.

प्रश्नकर्ती

मजकूर तपासणाऱ्यांशी बोलले. २००१ च्या निर्णयाचा क्रमांक दाखवल्यावर ‘नोंद’ परत आली. कोपनहेगनचं वाक्य आता असं आहे : ‘परिषदेने मसुदा स्वीकारला नाही, फेटाळलाही नाही, त्याची नुसती नोंद घेतली आणि पुढील वाटाघाटींसाठी देशांना आव्हान केले.’ चालेल?

प्रतिसाद ४

‘आणि’पर्यंत उत्तम. शेवटून दुसरा शब्द बघा.