बाळंतपण, घरची माणसे आणि श्रद्धा: आपापले अनुभव लिहावेत

बाळंतपणाविषयी आपण बोलतो तेव्हा कळा, टाके, दूध आणि जागरणे यांविषयी बोलतो. परंतु त्या दिवसांत देवाधर्माने आणि घरच्या रीतींनी आपल्याशी कसे वर्तन केले, हे क्वचितच कोणी विचारते. म्हणून हे आवाहन. नवस, पाचवी, सोयर, अजान, बाप्तिस्मा, परित्राण पाठ, किंवा यांपैकी काहीही न मानता काढलेले दिवस, जे आपले असेल ते सविस्तर लिहावे. श्रद्धा खरी की खोटी, हा वाद येथे नको. तिने बाळंतिणीचे काय केले, एवढेच सांगावे.

आरंभ मी करते. माझे पहिले बाळंतपण कऱ्हाडला माहेरी झाले. पाचवीच्या रात्री आजीने पाटा-वरवंटा धुऊन मांडला, हळदकुंकू वाहिले, शेजारी कोरा कागद, लेखणी आणि विळा ठेवला, आणि सटवाई येऊन बाळाचे नशीब लिहून जाते म्हणून घरातल्या बायका आळीपाळीने जागत बसल्या. मी शाळेत विज्ञान शिकवते. सटवाईवर माझा विश्वास तेव्हा नव्हता आणि आजही नाही. परंतु ज्या दिवसांत पूर्वी धनुर्वाताने आणि जंतुसंसर्गाने बाळे दगावत, नेमक्या त्याच दिवसांत आई-बाळाच्या उशाशी कोणीतरी रात्रभर जागे राहील, अशी तजवीज या विधीने होत होती, हे त्या रात्री मला उमजले. त्याच घरात सोयर पाळली जात असे. सोयरीमुळे मला सव्वा महिना एकही भांडे घासावे लागले नाही, आणि सोयरीमुळेच रात्री तहान लागली तरी माठाला हात लावता आला नाही. या दोन गोष्टी मला अजूनही एकमेकींपासून सोडवता आलेल्या नाहीत.

निवृत्त परिचारिका, नंदुरबार जिल्हा

मला दोन मुले आहेत, पण येथे स्वतःच्या बाळंतपणांपेक्षा मी केलेल्या बाळंतपणांविषयी लिहावेसे वाटते. सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुवा भागात माझी बहुतेक नोकरी झाली. पावसाळ्यात पाड्यापर्यंत गाडी येत नसे. बांबूला कापड बांधून केलेल्या झोळीत बाईला निजवून माणसे डोंगर उतरत, आणि गाडीरस्ता लागण्याआधीच काही जणी वाटेत मोकळ्या होत. 2005 मध्ये जननी सुरक्षा योजना आली, गावोगाव आशाताई काम करू लागल्या, 2014 पासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका मिळू लागली आणि दवाखान्यात येणाऱ्या बायका वाढल्या. हे चांगलेच झाले. त्यामुळे किती जणींचा जीव वाचला, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. मात्र दवाखान्यात आलेल्या बाईला आपली सुईण दाराबाहेर ठेवावी लागे, हे मला फार खटकत असे. सुईण म्हणजे केवळ नाळ कापणारी बाई नव्हे. याहा मोगी या आदिवासींच्या देवीचे नाव घेत तिने पाठीवरून हात फिरवला की घाबरलेली पहिलटकरीण नीट श्वास घेऊ लागे. ते माझ्या इंजेक्शनने साधत नसे. माझ्या उपकेंद्रात मी सुईणीला हात धुवायला लावून खाटेजवळ उभे राहू देत असे.

तिचा सर्वांत मोठा उपयोग झाला तो चिकाच्या बाबतीत. पहिले पिवळे दूध बाळाला बाधते, या समजुतीने ते पिळून टाकण्याची रीत होती. त्यात रोगप्रतिकारक घटक असतात, जन्मानंतर तासाभरात बाळाला अंगावर घ्यावे, हे मी किती वेळा समजावले असेल. आज्या ऐकून घेत आणि करायचे तेच करीत. शेवटी एका वृद्ध सुईणीने एका आजीला सांगितले की, शेतातले पहिले धान्य आपण देवीपुढे ठेवून मग घरात घेतो, ते कोणी बांधावर टाकत नाही. तसेच हे पहिले दूध आहे. आजीने देवीचे नाव घेतले आणि बाळाला आईच्या छातीशी स्वतः धरले. त्यानंतर त्या पाड्यावर मला या विषयावर फारसे बोलावे लागले नाही.

मिरज

आमच्याकडे बाळ जन्मले की त्याच्या उजव्या कानात अजान आणि डाव्या कानात इकामत, म्हणजे नमाज सुरू होतानाची हाक, देतात. हा मान माझ्या सासऱ्यांचा होता. परंतु मुलगी दिवस भरण्यापूर्वीच आली, वजन दीड किलोलाही पोहोचले नव्हते, आणि नवजात अतिदक्षता कक्षात माझ्याखेरीज कोणाला प्रवेश नव्हता. तेथे बाळाला आईच्या उघड्या छातीवर, त्वचेला त्वचा लावून ठेवतात. त्याला कांगारू पद्धत म्हणतात आणि कमी वजनाच्या बाळाला त्यातून ऊब मिळते. पहिल्यांदा ती अशी माझ्या छातीवर आली तेव्हा तिचा कान माझ्या ओठांपाशी होता. अजान मीच दिली, अगदी हळू. बाईने अशी अजान द्यावी की नाही, यावर नंतर घरात पुष्कळ चर्चा झाली. सासरे म्हणाले, "आईच्या तोंडून अल्लाचे नाव तिच्या कानात गेले आहे, आता आणखी काय हवे?" आणि तो विषय तेथेच मिटला. अकीका, म्हणजे बाळाच्या जन्मानिमित्तचा कुर्बानीचा विधी, सातव्या दिवशी होऊ शकला नाही. मुलगी घरी आल्यावर केला. शेजारच्या काकूंनी त्या सगळ्या दिवसांत माझ्यासाठी अळिवाची खीर पाठवली, हेही येथे लिहिलेच पाहिजे.

नागपूर

माझा मुलगा आठव्या महिन्यात पोटातच गेला. तरीही प्रसूती व्हावीच लागते, कळा तशाच येतात आणि दोन-तीन दिवसांनी दूधही उतरते, हे मला कोणीही सांगितले नव्हते. माझ्या दोन्ही बाजूंच्या खाटांवर बाळे रडत होती आणि त्या आवाजाने माझे दूध वाहत होते. भेटायला येणारे "दुसरे होईल" एवढे बोलून खाली मान घालून निघून जात.

आम्ही बौद्ध आहोत. माझ्या आजोबांनी 1956 च्या ऑक्टोबरमध्ये दीक्षाभूमीवर बाबासाहेबांकडून धम्मदीक्षा घेतली होती आणि बावीस प्रतिज्ञा त्यांना अखेरपर्यंत पाठ होत्या. त्यामुळे कोणाची नजर लागली, कोणता नवस चुकला, मागच्या जन्मीचे काय होते, असले काहीही घरात मला ऐकावे लागले नाही, आणि यासाठी मी त्यांची आजन्म ऋणी आहे. परंतु ज्या मुलाने श्वासच घेतला नाही त्याच्यासाठी काय करायचे, हेही कोणाला ठाऊक नव्हते. माझ्या आईने विहारात जाऊन भन्तेंना विचारले. ते घरी आले, त्रिसरण-पंचशील झाले, परित्राण पाठ झाला, आणि मुलाच्या नावाने पुण्यानुमोदन केले गेले. त्यासाठी नाव लागते, म्हणून आम्ही त्याला नाव दिले. जमलेल्या लोकांनी ते नाव मोठ्याने उच्चारले. त्याच संध्याकाळी नणंदेने माझ्यासाठी डिंकाचे लाडू आणले आणि मला तेल लावून न्हाऊ घातले. तोपर्यंत मी बाळंतीण आहे हे कोणाच्या लक्षातच आले नव्हते.

नेदरलँड्स

आईला वेळेत येता आले नाही, याचे मी फार दुःख केले होते. येथे प्रसूतीनंतर साधारण आठवडाभर एक प्रशिक्षित बाई घरी येते. बाळाचे वजन, आईचे टाके, दूध पाजणे हे तर ती पाहतेच, पण कपडे धुते आणि आलेल्या पाहुण्यांची सरबराईही करते. त्या पाहुण्यांना लोणी लावलेल्या टोस्टवर साखरेचे कवच दिलेले बडीशेपेच्या जातीचे दाणे घालून देतात, कारण त्या दाण्यांनी आईला दूध येते असे जुन्या डच बायका मानत आल्या आहेत. आईने बांधून दिलेली बाळंतशेप मी तिला दाखवली तेव्हा तिने ती हुंगून पाहिली आणि रोज जेवणानंतर माझ्या हातावर ठेवू लागली.

पुणे

मी बाळंत झालेली नाही. मुलगी दत्तक आहे, आणि ती घरी आली तेव्हा काही महिन्यांची होती. याच शहरात 1863 साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले आणि पुढे तेथे जन्मलेल्या यशवंताला आपला मुलगा मानले, हे वाचत मी वाढले. तरीही पाचवी आणि बारसे हे आपल्या वाट्याचे नव्हेत, असे मनात घर करून होते. सासूबाईंनी आपणहून पाचवी मांडली. "हिच्या पाचवीला कोणी जागले होते की नाही, आपल्याला ठाऊक नाही. आज आपण जागू," असे त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी खणानारळाच्या दोन ओट्या त्यांनी काढल्या. एक माझी भरली. दुसरी जिने हिला जन्म दिला तिच्या नावाने जोगेश्वरीला वाहिली.

नाशिक, बालरोगतज्ज्ञ

वर पाचवी, लाडू आणि शेपा यांविषयी आले आहे. त्यांत मला काहीही वावगे दिसत नाही. दोन गोष्टी मात्र आग्रहाने सांगते. दारे-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी किंवा धुरी ठेवू नये; त्या धुराने बाळाचा श्वास कोंडतो आणि कोळशाच्या वायूने जीवही जाऊ शकतो. बाळाला वर्षाच्या आत मध चाटवू नये, मग तो सोन्याच्या अंगठीने चाटवलेला असला तरी.

आता आईविषयी. प्रसूतीनंतर काही दिवस विनाकारण रडू येणे सर्रास आढळते आणि ते बहुधा दोन आठवड्यांत थांबते. माझे थांबले नाही. बाळाकडे पाहावेसे वाटत नसे, झोप उडाली होती. माझी आई अतिशय श्रद्धाळू. तिने माझ्यासाठी पारायण सुरू केले आणि त्याच आठवड्यात मला मानसोपचारतज्ज्ञांकडेही नेले. स्तनपान चालू ठेवून घेता येतील अशी औषधे असतात. ती मला मिळाली आणि मी बरी झाले. संध्याकाळी ती पोथी वाचत असे, मी जवळ पडून ऐकत असे, आणि पोथी मिटली की ती मला गोळी आणि पाणी देत असे. ज्यांना असे नेणारे कोणी जवळ नसेल त्यांच्यासाठी टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा शासकीय क्रमांक आहे. तो विनामूल्य आहे, दिवसरात्र चालू असतो, आणि तेथे मराठीत बोलता येते.