मिळकत कराचं बिल ९ हजारांवरून १५ हजार! ३१ मेच्या आत काय करता येईल?

वैतागलेला_वारजेकर
जरा लवकर सांगा. मागच्या वर्षी पुण्यात वारज्यात रीसेलमध्ये टू बीएचके घेतला. आधीच्या मालकांनी ९ हजारांचं बिल दाखवलं होतं, यंदा १५ हजार आलंय. घर तेच, गॅलरीसुद्धा बंद केलेली नाही. बिल्डिंगमधले एक जण म्हणाले की ४० टक्के सवलत गेली. ती परत कशी मिळवायची? ऑनलाइन होतं का? सुट्टी मिळत नाही, त्यामुळे "कार्यालयात जाऊन भेटा" सोडून काहीही सांगा.

धायरी_फाटा
कार्यालयात जाऊन भेटा 😀
पीटी-३, म्हणजे ही सवलत मागायचा अर्ज भरायचा. सोबत मालक स्वतः राहतो असं सोसायटीचं पत्र, आणि त्याच पत्त्याचं मतदार ओळखपत्र, लायसन्स किंवा गॅसचं कार्ड. माझं याच कागदांवर झालं. पोच मात्र शिक्क्यासकट घ्या.

पेठेतला_एक
आधी नीट माहिती द्या हो. बिल कोणाच्या नावावर आलंय? १५ हजारांत जुनी थकबाकी किती? मिळकत कराचा बोजा घरावर असतो, मालक बदलला म्हणून थकबाकी माफ होत नाही. वर दरमहा २ टक्के शास्ती.

वैतागलेला_वारजेकर
थकबाकी शून्य. नाव जुन्या मालकांचंच आहे, पण त्याचा इथे काय संबंध? दस्त माझ्या नावावर आहे ना.

पेठेतला_एक
संबंध हाच की अर्ज मालकाने करायचा असतो आणि कर खात्याच्या लेखी मालक अजून तेच आहेत. इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा) जोडून आधी नाव लावून घ्या, मग पीटी-३.

हिशेबनीस
१५ चे ६० टक्के किती? ९. म्हणजे फक्त सवलत निघालीय, दर वाढलेला नाही. ४० टक्के सवलत गेली की बिल ४० नव्हे, जवळपास ६७ टक्क्यांनी फुगतं. लोक इथेच दचकतात आणि "चुकीची आकारणी" म्हणून भलताच अर्ज करून बसतात.

जुना_पुणेकर
ही सवलत १९७० पासूनची. मध्ये लेखापरीक्षणात आक्षेप निघाले, सरकारने ती बंद केली, जीआयएस (डिजिटल नकाशावरच्या) सर्वेक्षणात भाडेकरू सापडलेल्या हजारो घरांची काढून घेतली. मग ओरड झाली आणि २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने परत दिली. मूळ दुखणं वेगळंच आहे. जकात होती तेव्हा महापालिकेच्या हातात रोजचा पैसा येत असे. २०१३ मध्ये जकात जाऊन एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, २०१५ मध्ये तोही बहुतेक व्यापाऱ्यांपुरता गेला, २०१७ पासून जीएसटी. आता सरकारकडून भरपाई येईल तेव्हा खरी, म्हणून मिळकत करावर सगळा भार.

धायरी_फाटा
काका, त्यांना ३१ मेच्या आत काय करायचं ते हवंय.

नवा_गुंतवणूकदार
नवीन रिजीम घ्या सरळ. १२ लाखांपर्यंत टॅक्स शून्य. मी तेच केलं.

सीए_मीनल
तो आयकर. इथे मिळकत कराबद्दल चाललंय.
@वैतागलेला_वारजेकर, इतकं सगळं झालं पण मूळ प्रश्न कोणी विचारलाच नाही. त्या घरात सध्या कोण राहतं?

वैतागलेला_वारजेकर
भाडेकरू आहेत, ऑक्टोबरपर्यंत करार. आम्ही कर्वेनगरला बाबांकडे राहतो. पण माझ्या नावावर हे एकच घर आहे, म्हणजे स्वतःचंच झालं ना?

सीए_मीनल
नाही. एकच घर असून भागत नाही, स्वतः राहायला लागतं. भाडेकरू असेपर्यंत पीटी-३ भरू नका. सोसायटीने खोटं पत्र दिलं तरी तुमचा भाडेकरार रजिस्टर्ड आहे.

धायरी_फाटा
आमच्याकडे दोघातिघांनी भाडेकरू असताना भरलाय, कोणी बघायला आलं नाही.

सीए_मीनल
येतात तेव्हा मागच्या वर्षांचा फरकही लावतात.

भाड्याने_राहणारी
मला हे कधी पटलेलं नाही. मालकाची सवलत गेली की मालक भाडं वाढवतो. म्हणजे घर नसलेल्यानेच जास्त कर भरायचा?

हिशेबनीस
भाडं बाजार ठरवतो. मालकाला महिन्याला ५०० रुपये जास्त पडले म्हणून शेजारच्या फ्लॅटपेक्षा चढं भाडं मागितलं तर घर रिकामं राहील.

भाड्याने_राहणारी
शेजारचा फ्लॅटही भाड्यानेच दिलेला असतो हो. सगळ्यांचेच ५०० वाढले की बाजारच ५०० ने वर सरकतो. हिंजवडीच्या रस्त्यावर कुठेही विचारून बघा.

हिशेबनीस
मागणी आहे म्हणून सरकतो. २०२० मध्ये सगळे गावी गेले तेव्हा कर तोच होता, भाडी मात्र पडली होती.

सीए_मीनल
भांडण चालू द्या, तेवढ्यात कामाचं सांगते. भाड्याच्या घराचा मिळकत कर भाड्याच्या उत्पन्नातून वजा होतो, आणि उरलेल्या रकमेवर आणखी ३० टक्के वजावट मिळते. नव्या रिजीममध्येसुद्धा. अट इतकीच की कर मालकाने स्वतः आणि त्याच आर्थिक वर्षात भरलेला हवा. भाडेकरूने भरला तर वजावट नाही. तेव्हा १५ हजार आता भरून टाका. ३१ मेच्या आत भरलं की बिलातल्या सर्वसाधारण करात ५ किंवा १० टक्के सूट मिळते. सूट फक्त त्या एका ओळीवर आहे, पूर्ण बिलावर नाही.

जुना_पुणेकर
मुदत वाढेल. गेली काही वर्षं वाढतेच आहे.

वैतागलेला_वारजेकर
वाढेल म्हणून थांबत नाही, आज रात्रीच ऑनलाइन भरतो. नोव्हेंबरमध्ये आम्हीच तिथे राहायला जाणार आहोत. मग लगेच अर्ज करू का? आणि पावती जुन्या मालकांच्या नावाने येईल ती आयकराला चालेल?

सीए_मीनल
पैसे तुमच्या खात्यातून गेल्याचं दिसलं पाहिजे, स्टेटमेंट जपा. नावाचा अर्ज आत्ताच टाका, नोव्हेंबरपर्यंत थांबू नका. राहायला गेलात की आधी गॅस आणि लायसन्सचा पत्ता बदला, मग सोसायटीचं पत्र.

वैतागलेला_वारजेकर
सेक्रेटरी मुलाकडे अमेरिकेला गेलेत. चेअरमनची सही चालते का?