प्र: रिसेप्टर नसला तर?

"वाढघटक दिला की चेतापेशी वाचते, रिसेप्टर म्हणजे नुसतं दार" हे म्हणणं मला अर्धंच पटलं. (वाढघटक म्हणजे पेशींना जगवणारं प्रथिन, आणि रिसेप्टर म्हणजे ते जिथे येऊन बसतं तो पेशीवरचा भाग.) वाढघटकाची ताकद खरीच आहे. रॅटच्या नवजात पिल्लात चेहऱ्याची नस कापली की तिच्या बहुतेक मोटर पेशी (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी) मरतात. १९९० मध्ये कापलेल्या टोकाशी सीएनटीएफ या वाढघटकात भिजवलेला जेलफोमचा (स्पंजसारख्या जिलेटिनचा) तुकडा ठेवला, तर त्यातल्या बऱ्याच तगल्या.

पण पुढचा भाग इथे कुणी मांडला नाही. सीएनटीएफचं जनुकच काढलेले उंदीर नीट वाढतात, मोठेपणी थोड्याच मोटर पेशी गमावतात. जपानमध्ये तर शंभरात दोनेक माणसांत सीएनटीएफ बनतच नाही, आणि ती धडधाकट असतात! याउलट सीएनटीएफ ज्यावर बसतं तो अल्फा रिसेप्टर काढलेली उंदराची पिल्लं (१९९५) दूध ओढू शकली नाहीत, जन्मानंतर लगेच दगावली. मोटर पेशी जन्मतःच खूप कमी होत्या. म्हणजे त्याच रिसेप्टरवर दुसरंही काही येऊन बसतं. नुसतं दार म्हणून ते सोडून देता येणार नाही. शिवाय हाच रिसेप्टर मेंदूत भुकेच्या केंद्रातही आहे. एएलएसच्या (मोटर पेशी मरत जाण्याच्या आजाराच्या) रुग्णांना सीएनटीएफ टोचलं तेव्हा आजार थांबला नाही, वजन मात्र उतरलं.