पावसानंतर टेकडीवर सायकल: ४८ तासांचा नियम हवा, की माती बघून ठरवायचं?

मुरूमवाला

आमच्या पुण्यातल्या माउंटन बायकिंगच्या गटात दर पावसाळ्यात हा वाद निघतो. यंदा जरा जास्तच तापलाय. प्रस्ताव असा: पाऊस थांबल्यापासून ४८ तास वेताळ टेकडी, तळजाई, बाणेर-पाषाण, कुठल्याच टेकडीवर सायकल घालायची नाही. जो घालेल त्याला रविवारच्या राईडला बोलवायचं नाही.

हेतूबद्दल माझी तक्रार नाही. ओल्या वाटेवर चाकोऱ्या पाडणारे मलाही डोक्यात जातात. पण हा नियम घड्याळाला बांधलाय, मातीला नाही, आणि सगळं घोडं तिथेच पेंड खातंय.

जुलैत पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी हवा इतकी दमट असते की काही वाळत नाही. गिरिपुष्पाच्या झाडीखालची, उत्तरेच्या उतारावरची वाट तर त्यानंतरही कितीतरी दिवस ओलीच. उलट ऑक्टोबरात परतीच्या पावसाची सर संध्याकाळी झोडपून जाते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच वाटेवर धूळ उडते. ४८ तास पहिल्या वेळी कमी पडतात, दुसऱ्या वेळी उगाच अडवतात. शिवाय पाऊस पडला म्हणजे नक्की कुठे पडला? पाषाणला गटारं तुंबलेली असतात तेव्हा हडपसरला रस्ता कोरडा असतो. शिवाजीनगरच्या वेधशाळेचा आकडा बघून तळजाईचा निर्णय घ्यायचा, हा कुठला न्याय?

माझं म्हणणं, खाली पोचल्यावर बघा. वाट चढायला लागते तिथे बुटाची टाच दाबा. मग सायकलवर न बसता हँडलवर भार देऊन दहा-बारा पावलं ढकला आणि मागे वळून ठसा पाहा. टायरची नक्षी नुसती वर उमटली असेल, बाजूची माती उचलली गेली नसेल, तर जायला हरकत नाही. ठशाला काठ आले, किंवा टायरवर थर चढून तो फोर्कला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांना, घासायला लागला, की गाडी वळवायची. आणि एवढ्यावरही थांबू नका. पायथा बहुतेक वेळा मुरमाचा असतो आणि फसवतो. खरी परीक्षा वरच्या सखल भागात, वनखात्याने खणलेल्या समतल चरांच्या आसपास. तिथे पाणी मुद्दाम अडवलेलं असतं, मग जमीन मऊ असणारच.

यावर मतं हवी आहेत. शिव्या दिल्यात तरी चालेल, पण कारण द्या.

चेनरिंग ३२

देतो कारण. नियम बिनडोक आहे म्हणूनच तो पाळला जातो.

पहाटे पाचला उठलेला, गाडीला कॅरियर लावून हिंजवडीहून आलेला, आठवडाभर लॅपटॉपसमोर कुजलेला माणूस पायथ्याशी टाच दाबून बघणार आणि "अरेरे, माती ओली आहे" म्हणून परत जाणार? काहीतरीच. त्याला माती कोरडीच दिसणार. तुम्हाला दिसते तशी माती ओळखणारे गटात किती आहेत? बाकीच्यांना काळी आणि तांबडी एवढंच कळतं.

एकदा ओल्या उतारावर चाकोरी पडली की ती तिथेच वाळते. पुढच्या सरीचं पाणी वाटेवर पसरायचं सोडून त्या चाकोरीतून धावतं, माती घेऊन जातं, खोली वाढते. दोन-तीन पावसाळ्यांत वाटेची घळ होते. मग लोक घळीच्या कडेने नवी वाट पाडतात, आणि हळूहळू तिचंही तेच होतं. टेकडीवरच्या चांगल्या वाटा अशाच गेल्या. हे थांबवायला सोपा, सगळ्यांना एकसारखा, वाद न घालता येणारा नियम लागतो. तो थोडा अन्यायकारक असला तरी चालेल.

स्थापत्यवाला

सिव्हिलचा माणूस आहे, मातीवरच पोट भरतं, म्हणून दोन शब्द.

'मुरूम' म्हणून सगळं एका पोत्यात भरू नका. कामाच्या अंदाजपत्रकातसुद्धा मऊ मुरूम आणि कठीण मुरूम वेगळे लिहितात. दोन्ही बेसाल्ट झिजून झालेले, पण कठीण मुरमात खडे जास्त, पाणी झिरपून जातं, सर थांबली की थोड्या वेळात तो चाक पेलतो. मऊ मुरमात बारीक भाग जास्त, तो बराच वेळ ओल धरतो. काळ्या मातीचा प्रकारच वेगळा. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते. टेकडीच्या माथ्यावर ती फारशी नसते, कारण वाहून खाली येते. खिंडीत, सखलात आणि पायथ्याच्या शेतांकडच्या वाटांवर मात्र ती हमखास सापडते.

टाच दाबण्यापेक्षा चांगली परीक्षा सांगतो. आमच्या प्रयोगशाळेत ती रोज होते, घरगुती रूप असं: वरचा पाचोळा बाजूला करून बोटभर खालची माती चिमूटभर घ्या आणि तळहातावर शेवईसारखी वळा. ३ मिलिमीटर जाडीपर्यंत न तुटता वळली, तर मातीत पाणी जास्त आहे आणि ती चाकाखाली आकार बदलणार. त्याआधीच चुरा झाला तर ती भार घेईल. वळतच नसेल, नुसते खडे आणि वाळू हातात राहत असतील, तर तो मुरूम आहे, त्याला ही परीक्षा लागू नाही. तिथे ठसाच बघावा.

यात मत-बित काही नाही. वळली किंवा नाही वळली.

चेनरिंग ३२

@स्थापत्यवाला, परीक्षा आवडली. मी स्वतः करीन. पण रविवारी सकाळी सहा वाजता चाळीस जण हातावर माती वळतायत हे दृश्य डोळ्यांसमोर आणा आणि मग बोला.

रोजची फिरणारी

मी सायकल चालवत नाही. वेताळ टेकडीवर वर्षानुवर्षं फिरायला जाते, म्हणून लिहिते.

तुमच्या ४८ तासांचं किंवा शेवयांचं मला फारसं कळत नाही. मला दिसतं ते एवढंच: पावसाळ्यात वाट आधीच निसरडी असते, ज्येष्ठ मंडळी काठी टेकत उतरत असतात, आणि मागून घंटी न वाजवता कोणीतरी ब्रेक घसटत येतं. ब्रेक लागत नाही, चाक घसरतं, आणि आम्ही कडेच्या काटेरी झुडपात. बाजूला झालो नाही तर वर डोळे वटारले जातात. २०२३ मध्ये टेकडीवर रस्ता आणि बोगदा नको म्हणून आम्ही सगळे एकत्र मोर्च्याला होतो, सायकलवालेही होते. टेकडी आपली म्हणायची आणि तिच्या अंगावर नांगर फिरवायचा, हे मला पटत नाही.

आणखी एक. चरांच्या बांधावरून उड्या मारण्याची फॅशन आलीय. बांध फुटला की चरात पाणी थांबत नाही. त्या पाण्यावर झाडं जगतात, तुमच्या उड्यांवर नाही.

उतारवीर

आता सगळे सायकलवाल्यांवरच घसरणार, माहीत होतं.

काकू, घंटीचं बरोबर आहे, मान्य. पण वाट बिघडण्याचं खापर आमच्या एकट्यांच्या डोक्यावर का? १९९४ साली अमेरिकेत माँटानामध्ये विल्सन आणि सेनी यांनी मोजून पाहिलं होतं. चालणारे, घोडे, मोटरसायकल आणि सायकल अशी तुलना केली. घोड्यांच्या टापांनी आणि माणसांच्या पावलांनी चाकांपेक्षा जास्त माती सुटी झाली, आणि आधी भिजवलेल्या वाटेवर हा फरक जास्त दिसला. मग चालणाऱ्यांना ४८ तास का नाहीत? पहाटे टेकडीवर शेकडो माणसं चढतात, सायकली मोजक्याच. डबकं आलं की बूट खराब होऊ नये म्हणून वळसा घालून वाट रुंद कोण करतं? आम्ही तर डबक्यातून सरळ जातो.

पुण्यात पावसाळा चार महिने. या चार महिन्यांत घरी बसा, मग उन्हाळ्यात ४० अंशांत सराव करा? घरातल्या सरावाच्या रोलरवर बसून माउंटन बायकिंग येत नाही हो.

चेनरिंग ३२

@उतारवीर, अभ्यास बरोबर सांगितलास, निष्कर्ष सोयीचा काढलास. पावलं जास्त माती सुटी करतात याचा अर्थ चाक काहीच करत नाही असा होत नाही. शिवाय पाऊल एकेक खड्डा करतं, चाक उताराच्या दिशेने सलग चर काढतं. पाण्याला वाट लागते ती सलग. मागचा ब्रेक दाबून तू जे वळण घेतोस, त्याचा ठसा मी पाहिलाय. ती राईड नव्हती, नांगरणीच होती. काकूंचा शब्द अगदी नेमका आहे.

डबक्यातून सरळ जातोस ते मात्र योग्य करतोस. ते सगळ्यांना सांग.

सॅन होजेचा पुणेकर

इथला अनुभव. सांता क्लारा काउंटीच्या उद्यानांत पाऊस झाला की मातीच्या काही वाटा सायकली आणि घोड्यांसाठी बंद होतात. निर्णय उद्यानाचे लोक घेतात, वाळल्यावर तेच उघडतात. निघण्यापूर्वी काउंटीची सूचना पाहायची, ट्रेलफोर्क्स या वाटांच्या अ‍ॅपवर कोणी ताजी स्थिती टाकलीय का ते बघायचं, विषय संपला. कोणाला टाच दाबायला लावत नाहीत.

याउलट कॅनडात व्हँकुव्हरच्या नॉर्थ शोअरला लोक भर पावसात चालवतात, कारण तिथे वाटा त्यासाठीच बांधल्यात: दगडी फरसबंदी, लाकडी पूल, पाणी काढून देणारे उतार, आणि त्यांची देखभाल करणारी स्वयंसेवक संघटना. म्हणजे नियम मातीवर ठरतो आणि वाट कशी बांधलीय यावरही. तुम्ही दोन्ही सोडून आपसांतच भांडताय.

मुरूमवाला

@सॅन होजेचा पुणेकर, तिकडून उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं! इथे टेकडीवर पाणी काढून देणारी वाट कोणी बांधलीच नाही. बहुतेक वाटा गुरांच्या आणि माणसांच्या पायांनी पडलेल्या, सरळ उताराने खाली जाणाऱ्या. म्हणून तर पाहणी जास्त गरजेची. बाकी मुद्दा बरोबर आहे: बंद करणारा आणि उघडणारा एकच हवा. आपल्याकडे ती जागा रिकामी आहे.

कातळकर

रत्नागिरीहून. आमच्याकडे माती कमी, जांभा जास्त, म्हणून इकडचे पोरगे म्हणतात, "कातळाला काय होतंय, कधीपण चालवा." त्यांच्यासाठी हे लिहितोय, पण पुणेकरांनाही लागू पडेल.

दोन वेगळे प्रश्न तुम्ही एकत्र कालवताय. माझं हाड मोडेल का, हा एक. माझ्यामुळे वाट मोडेल का, हा दुसरा. पावसाळ्यातल्या कातळावर शेवाळ चढतं, त्यावर पुढचा ब्रेक धरलात तर गळ्याचं हाड गेलंच. वाटेला मात्र ओरखडाही नाही. काळ्या मातीत नेमकं उलटं: पडलात तर चिखलात मऊ पडाल, पण वाट वर्षभरासाठी गेली. जूनच्या पहिल्या सरीनंतर तुमचा तापलेला मुरूम वरून साबण आणि खालून दगड असतो. वाट शाबूत, कोपर सोललेलं. पायथ्याशी उभं राहून दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारा.

आणि सड्याबद्दल, म्हणजे आमच्याकडच्या उघड्या कातळी पठाराबद्दल. पावसाळ्यात कातळावरच्या उथळ खळग्यांत बोटभर मातीत गेंद आणि सीतेची आसवं ही रानफुलं उगवतात. काही आठवड्यांचा खेळ असतो तो. मळलेली वाट सोडून सड्यावर सायकल फिरवलीत तर त्या वर्षीचा त्यांचा संसार तुम्ही चिरडता. तिथे शेवई वळून काही कळणार नाही. वाट सोडायचीच नाही, एवढंच.

रोजची फिरणारी

कातळकरांचं पटलं. हाडं मोडणं हा तुमचा प्रश्न, पण माझ्या अंगावर येऊन मोडलीत तर तो माझाही.

मुरूमवाला

सगळं वाचून प्रस्ताव बदलून मांडतो. जुलै-ऑगस्टमध्ये काळ्या मातीच्या आणि सखलातल्या वाटा सरळ बंद. परीक्षा नाही, चर्चा नाही. चेनरिंगला हवा तसा बिनडोक नियम तिथे लागू. मुरमाच्या वाटांसाठी आदल्या संध्याकाळी जवळ राहणाऱ्या कोणीतरी वर सखलापर्यंत चालत जाऊन यायचं आणि टायरच्या किंवा बुटाच्या ठशाचा फोटो, शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवून, गटात टाकायचा. नाण्याची कड बुडेल एवढा ठसा असेल तर राईड रद्द किंवा डांबरी रस्त्याने. रात्रीत पाऊस झाला तर फोटो बाद. चरांच्या बांधावरून उड्या बारा महिने बंद.

उतारवीर

मुरमाच्या वाटा चालू राहणार असतील तर मला मंजूर. बांधाचंही मंजूर. पण फोटो पायथ्याचा काढून "वरचा आहे" म्हणणारे निघतील, आत्ताच सांगतो.

चेनरिंग ३२

निघतील काय, एक तर आत्ताच बोलतोय.

मला अजूनही ४८ तास बरे वाटतात. पण जुलै-ऑगस्ट बंदी लेखी येत असेल तर मुरमाच्या वाटांवर हा हंगाम फोटोने चालवून बघू. एक अट: फोटो काढणारा त्या रविवारी स्वतः राईडला येणारा नसावा. पाषाणच्या बाजूला राहणारं आणि रविवारी उशिरापर्यंत झोपणारं कोण आहे?

स्थापत्यवाला

मी. सुतारवाडीत राहतो, आणि गुडघ्यामुळे यंदा सायकल बंदच आहे. नाणं तुम्ही द्या.