मदत हवी आहे : कार-टी उपचारासाठी कोल्हापूरहून मुंबईला जाण्याबाबत

सर्वांना नमस्कार. राजारामपुरीत राहणारे माझे थोरले काका (वय ५८) यांना बी-पेशींचा लिम्फोमा (बी-पेशी या पांढऱ्या रक्तपेशींचा कर्करोग) आहे. दोन प्रकारची केमोथेरपी पूर्ण होऊनही गाठी पुन्हा वाढल्यामुळे इथल्या डॉक्टरांनी मुंबईत कार-टी पेशी उपचाराची चौकशी करण्यास सुचवले आहे.

या उपचारात रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) वेगळ्या काढून, प्रयोगशाळेत जनुकीय बदल करून त्यांना बी-पेशींवरील सीडी१९ हे प्रथिन ओळखण्याची क्षमता दिली जाते आणि त्यांची संख्या वाढवून त्या पुन्हा शिरेवाटे शरीरात सोडल्या जातात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून घडलेल्या नेक्सकार१९ या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली, हे वाचल्यापासून काकूंना पुन्हा धीर आला आहे.

ज्यांच्या घरी हा उपचार झाला आहे, त्यांनी कृपया सांगावे, की पेशी काढल्यापासून त्या तयार होऊन येईपर्यंत आजार आटोक्यात ठेवण्यासाठी काय केले गेले? नंतर येणारा तीव्र ताप, रक्तदाब उतरणे किंवा बोलण्यात गोंधळ होणे ही लक्षणे किती दिवस राहिली? रुग्णालयाजवळ किती आठवडे राहावे लागले? कोल्हापूरला परतल्यावर रक्ततपासण्या आणि संसर्गापासूनची काळजी इथल्या डॉक्टरांकडे सोपवता आली का? खर्चासाठी कोणत्या धर्मादाय संस्थेने प्रत्यक्ष मदत केली, हेही कळवावे. पुढच्या आठवड्यात आम्ही सर्व रिपोर्ट घेऊन मुंबईला निघणार आहोत.