प्रतिसाद: रायझरआधी सीटचा उतार बघा

बाइकवर लांब जाताना हात बधिर होतात, त्यावर ‘हँडलला रायझर (हँडल उंच करणारे ठोकळे) लावा, हात बधिर व्हायचे थांबतील’ हा वरचा सल्ला मला अर्धाच पटतो. मी इंचभराचे रायझर लावून पुण्याहून सावंतवाडीला गेलो. निपाणी येईस्तोवर करंगळी आणि शेजारचं बोट पुन्हा बधिर! खोट सीटमध्ये होती. तिला पुढे उतार, त्यामुळे दर ब्रेकला मी टाकीकडे घसरायचो आणि हातांनी स्वतःला मागे रेटत बसायचो. आंबोली घाट उतरताना तर सगळा भार तळहातांच्या कडेवर, आणि त्या दोन बोटांची नस नेमकी तिथूनच जाते. परत आल्यावर सीटवाल्याकडून पुढच्या भागात फोम भरून उतार काढून घेतला. रायझरपेक्षा स्वस्तात पडलं.

तरीही रायझर लावणारच असाल, तर गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवून बघा. इंजिनाचा आवाज चढला तर अॅक्सिलरेटरची केबल ताणली जातेय. यू-टर्न घेताना गाडी आपोआप रेस होईल. ब्रेकचा पाइपही ताणला जात नाही ना, ते तेव्हाच बघून घ्या. माझी क्लच केबल तर बदलावीच लागली.

आणि ब्रेक-क्लचच्या लिव्हरच्या कोनाचा विषय कोणीच कसा काढला नाही इथे? नेहमीसारखं बसून बोटं सरळ केली की ती कोपरापासूनच्या रेषेत लिव्हरवर पडली पाहिजेत. माझे लिव्हर बरेच वर होते. त्यांना हँडलवर धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पचे बोल्ट सैल करून खाली फिरवले, पाच मिनिटांचं काम, तेही फुकट. (बोल्ट परत आवळायला विसरू नका, मी एकदा विसरलोय.)